मागचे फाटक उघडण्याबाबत

चाकणच्या अलीकडे, जिथे पूर्वी रबरी वायसर बनवणारी एक शेड होती, तिथे आता एका खासगी विद्यापीठाचे लोकशाही व राजकीय सुधारणा संशोधन केंद्र आहे. इमारत तीन मजली आहे. तिच्यात अकरा संशोधक, एक संचालक, एक कार्यालय अधीक्षक आणि दोन फाटके आहेत. पुढचे फाटक कंटेनरांच्या मोठ्या रस्त्यावर उघडते. मागचे फाटक गावाच्या रस्त्यावर उघडते, असे नकाशात दाखवले आहे. प्रत्यक्षात उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या जेवणाची पातेली आत घेण्यासाठी ते एकदा उघडले, आणि त्यानंतर त्याला कुलूप लागले ते लागलेच. का लावले याची कुठे नोंद नाही. पण कारण सापडत नाही म्हणून ते नसेलच, असे संशोधकाला म्हणता येत नाही.

केंद्रात चहा करणे, कपबशा विसळणे आणि तिन्ही मजले झाडणे ही कामे ठेकेदारामार्फत आलेल्या अंबूबाईंकडे होती. त्या मूळच्या परभणीकडच्या. नवरा एका कंपनीत माल भरायला, बिऱ्हाड कुरुळीला. सकाळी साडेआठला सहा आसनी रिक्षा त्यांना बरोबर मागच्या फाटकाशी उतरवी. गजांतून आपले पालथे घातलेले चहाचे पातेले त्यांना खिडकीत दिसे. अंतर चाळीस पावलांचे. पण फाटकाला कुलूप असल्याने त्या दीड किलोमीटरचा वळसा घालून पुढच्या फाटकाने येत. त्यातला निम्मा रस्ता कंटेनरांच्या कडेकडेने होता. गुडघा दुखे. नऊच्या पुढे एक मिनिट झाले की ठेकेदाराचा माणूस खाडा मांडी, आणि असे बारा खाडे झाले की घरी बसवी.

एका सोमवारी कंटेनरचा मागचा कोपरा त्यांच्या पिशवीला लागला. देव कुठल्या रूपाने येईल सांगता येत नाही. त्या दिवशी तो ब्रेकच्या रूपाने, पण थोडा उशिरा आला. पिशवी गेली, डबा गेला, बाई राहिली. उपवास असल्याने डब्यात नुसती भगर होती, एवढेच समाधान.

अंबूबाईंनी तो चपटा डबा रस्त्यावरून सोडवून घेतला आणि अकराच्या चहाबरोबर संचालकांच्या टेबलावर ठेवला.

संचालक डॉ. जयदीप नगरकर हे सहभागी लोकशाहीचे अभ्यासक. त्यांनी डबा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला.

"अंबूबाई, हे फार बोलकं आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी डब्याचा फोटो काढला.

"साहेब, तेवढं मागचं फाटक सकाळी अर्धा तास उघडं ठिवा की. आन् संध्याकाळी अर्धा तास. किल्ली हितंच हाय, तुमच्या खणात. मी रोज पुसते की तिला."

"मी आत्ता हुकूम देऊ शकतो," संचालक हळव्या आवाजात म्हणाले. "पण मग माझ्यात आणि एखाद्या हुकूमशहात फरक काय राहिला?"

"हुकूमच द्या साहेब. मला चालंल."

"तुम्हाला चालेल. पण केंद्राच्या तत्त्वांना चालणार नाही. तुमचा विषय आपण सभेपुढे घेऊ. सगळे मिळून ठरवू. हा तुमचा सन्मान आहे, अंबूबाई."

सन्मान आहे म्हटल्यावर कप उचलून त्या बाहेर आल्या.

सभेचे टिपण तयार करण्याचे काम संशोधन सहायक दीक्षाकडे आले. दीक्षा दापोडीची. तिचे वडील भीमराज एका कंपनीत युनियनचे पुढारी होते आणि पाळी सुटली की गेटवरच उभे राहून पाच मिनिटांत सभा घेत, ठराव करत आणि चालते होत. दीक्षाने संचालकांना विचारले, "सर, आपण पण खाली फाटकापाशी जाऊन उभ्याउभ्या ठरवलं तर?"

"दीक्षा, ती चळवळ झाली," संचालक म्हणाले. "आपण संशोधन करतो."

दीक्षाचा करार अकरा महिन्यांचा होता आणि दहावा चालू होता. तिने टिपण लिहिले. विषय: मागचे फाटक उघडण्याबाबत विचारविनिमय करणे. पूर्ण सात दिवसांची नोटीस निघाली. कार्यालय अधीक्षक नवनाथराव पूर्वी एका सहकारी पतसंस्थेत होते, त्यामुळे नोटिशीचे शेवटचे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने घातले: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.

महाराष्ट्रात हे वाक्य ज्याने वाचले, तो सभेला जात नाही. अकरा वाजता कोणी आले नाही, कारण साडेअकराची सभा होणारच होती. साडेअकराला कोणी आले नाही, कारण त्या सभेला कोणी असण्याची गरज नव्हती. संचालक दिल्लीला 'लोकसहभागाचा ऱ्हास : कारणे व उपाय' या विषयावर बोलायला गेले होते. सभागृहात होत्या अंबूबाई, पण त्या सदस्य नव्हत्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवनाथराव रजिस्टर घेऊन बसले होते.

पावणेबारा झाले तेव्हा अंबूबाईंनी विचारले, "भाऊ, काय झालं म्हणायचं?"

"सभा झाली."

"पन हितं तर कुनीच न्हाई."

"गणसंख्या लागत नाही ना, ताई. शून्य असले तरी चालतात. झाली नाही असं लिहिलं तर वर विचारतील, का नाही झाली. झाली असं लिहिलं की कोणी विचारत नाही." नवनाथरावांनी टोपण काढून लिहायला घेतले. "विषय वाचण्यात आला. विरोध कोणी केला नाही."

"कुनीच न्हाई केला?"

"आता तूच बघ. केला का कोणी?"

अंबूबाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे नीट पाहिले. खरेच कोणी विरोध केला नव्हता. पुढचे वाक्य नवनाथराव मनात जुळवत होते, ते होते, 'विषय सर्वानुमते पुढील सभेपर्यंत तहकूब.' पण ते कागदावर उतरेपर्यंत अंबूबाई चहा टाकायला निघून गेल्या होत्या. ज्या गावातून त्या आल्या, तिथे ग्रामसभेत कोणी नाही म्हटले नाही की काम मंजूर झाले असे धरतात. त्यांनी तेच धरले.

दुसऱ्या दिवशी संचालकांचे टेबल पुसताना त्यांनी किल्ली घेतली, फाटक उघडले, बिजागरीत गोडेतेलाचे दोन थेंब सोडले आणि किल्ली पुसून खणात ठेवली. त्या दिवसापासून रिक्षातून उतरून त्या चाळीस पावलांत पातेल्यापाशी पोचू लागल्या. गुडघ्याचे दुखणे उतरले. नऊला दहा कमी असताना तिन्ही मजल्यांवर चहा मिळू लागला. संशोधकांनी चहा घेतला. तो लवकर का येतो, हे कोणी विचारले नाही.

इकडे केंद्रात फाटकाच्या प्रश्नाने मूळ धरले. दिल्लीहून येताना संचालक एक प्रकल्प मंजूर करून घेऊन आले: 'संस्थात्मक प्रवेशद्वारे आणि समावेशकता.' डॉ. श्रद्धा यांनी फाटक उघडल्यास होणाऱ्या संभाव्य परिणामांची पाहणी सुरू केली. प्रश्नावली तेवीस पानांची होती. फाटक उघडल्यास गावातली जनावरे आत येतील असे आपल्याला किती प्रमाणात वाटते? अजिबात नाही, थोडेसे, बऱ्यापैकी, फार. कुलदीप नावाच्या संशोधकाने फाटकाचा इतिहास लिहायला घेतला. संचालकांनी एका सादरीकरणात फाटकाचा ताजा फोटो दाखवला. फोटोत फाटक सताड उघडे होते आणि त्यातून अंबूबाई आत येत होत्या. फोटोखाली लिहिले होते, 'बंद दरवाज्यामागची लोकशाही.' टाळ्या पडल्या.

यापुढची सभा भरली पाहिजे, असे संचालकांनी मनावर घेतले. अंबूबाईंना त्यांनी साबुदाणावडे करायला सांगितले. वड्यांचा उल्लेख नोटिशीतच केल्याने अकराच्या अकरा सदस्य अकराला पाच कमी असताना हजर झाले. केंद्राच्या इतिहासात प्रथमच गणसंख्या पूर्ण झाली, त्याबद्दल सभेने स्वतःचे अभिनंदन केले.

मग विषय निघाला.

"मागणी करणाऱ्या बाई इथेच आहेत, त्यांनाच बोलू द्या ना," दीक्षा म्हणाली.

"बोलू द्यायला माझी काहीच हरकत नाही," संचालक म्हणाले. "पण त्या ठेकेदाराच्या यादीवर आहेत, आपल्या नाहीत. उद्या कोणीही येऊन आपल्या सभेत बोलेल. त्यांचा एक प्रतिनिधी निवडू."

निवडणूक झाली असती, पण कटुता नको म्हणून कुलदीपची बिनविरोध निवड झाली. कुलदीप पिंपळे सौदागरहून स्वतःच्या गाडीने पुढच्या फाटकाने येई. त्याने उभे राहून वडा खाली ठेवला.

"मी ज्यांचा आवाज आहे," तो म्हणाला, "त्यांची भूमिका गुंतागुंतीची आहे."

"गुंता कसला त्यात!" हातात चटणीचे भांडे घेऊन उभ्या असलेल्या अंबूबाई हळूच म्हणाल्या.

"प्लीज, ताई. मी तुमचंच बोलतोय."

डॉ. श्रद्धा म्हणाल्या, "व्यक्तिशः मी उघडण्याच्या बाजूची आहे. पण पाहणीत चौसष्ट टक्के लोकांना जनावरं आत येण्याची भीती फार वाटते. लोकांचं म्हणणं डावलायचं का?"

"लोक म्हणजे कोण, मॅडम?" दीक्षाने विचारले.

"आपणच की. अकराजणांनी भरलीये प्रश्नावली."

"आणि आज फाटक दिलं की उद्या काय मागतील?" तिसरा कोणी म्हणाला. चौथ्याने यालाच 'मागण्यांची साखळी' म्हणतात असे सांगितले, आणि नाव मिळाल्यावर ती भीती सर्वांना शास्त्रीय वाटू लागली.

हात वर करून मतदान झाले. उघडू नये या बाजूला दहा हात. प्रतिनिधी या नात्याने कुलदीपनेही बहुमताबरोबर राहणे पसंत केले. उघडावे या बाजूला एकही हात नाही. दीक्षा इतिवृत्त लिहीत होती. तिचा उजवा हात कामात होता. डावा वर करता आला असता. तो तिने वहीवर घट्ट दाबून धरला होता.

"अंबूबाई," संचालक म्हणाले, "मला मनापासून वाईट वाटतंय. पण बघा, किती मोकळी चर्चा झाली."

अंबूबाईंनी चटणीचे भांडे ठेवले, पदराला हात पुसले आणि संचालकांच्या खोलीकडे निघाल्या.

"कुठे निघालात?"

"कुलूप लावून येते. समद्यांनी हात वर करून ठरवलंय, मंग लावलं पायजे."

"कुलूप आहेच."

"न्हाई साहेब. उघडंच हाय ते, एकोणीस दिस झाले. त्या दिशी सभेत कुनीच न्हाई म्हणलं नव्हतं, तवाच उघडलंय."

डॉ. श्रद्धांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे माझा सगळा डेटा गेला," त्या म्हणाल्या. "मी 'उघडल्यास' असं विचारलं होतं."

दीक्षाने पेन खाली ठेवले. "सर, एकोणीस दिवस उघडं होतं. एक म्हैस आली नाही. आपल्या कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मग अडचण काय आहे?"

"अडचण अशी की ठराव झालाय," संचालक गंभीरपणे म्हणाले. "वस्तुस्थिती आवडली म्हणून आपण बहुमत उलटवायला लागलो, तर लोकशाहीचं काय होईल? त्याच विषयावर फेरविचार सहा महिन्यांनी. आणि ते एकोणीस दिवस इतिवृत्तात घेऊ नका."

दीक्षाने ते घेतले नाहीत. तिच्या कराराचे नूतनीकरण पुढच्या आठवड्यात झाले.

अंबूबाई खाली गेल्या. त्या इमारतीत ठराव मानणारे एकच माणूस होते, आणि त्याला मत नव्हते. त्यांनी फाटक ओढून घेतले, कुलूप लावले, दोनदा हिसका देऊन पाहिले आणि किल्ली खणात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दीड किलोमीटर आणि कंटेनर सुरू झाले. बारा खाडे भरायला पाच आठवडे लागले. तेराव्याला जागा नव्हती.

केंद्राचा अहवाल त्याच महिन्यात छापून आला. मुखपृष्ठावर चपटा डबा फार उठून दिसतो. तळागाळातल्या माणसाचा निर्णयप्रक्रियेवरचा विश्वास अढळ असल्याचा निष्कर्ष पान एक्केचाळीसवर आहे.

अंबूबाईंना आता मोशीला एका सोसायटीत अकराव्या मजल्यावर भांडी-फरशीचे काम मिळाले आहे. घरच्या बाई मायाळू आहेत. चहा विचारतात, सणाला साडी देतात. वाचनाची त्यांना आवड. विद्यापीठांची, सरकारी कचेऱ्यांची फजिती सांगणाऱ्या गोष्टी तर फारच. सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. पुढच्या लिफ्टवर पाटी आहे: घरकाम करणाऱ्या महिलांनी या लिफ्टचा वापर करू नये, सर्वसाधारण सभेत सर्वानुमते मंजूर. दुसरी लिफ्ट आठ दिवस बंद आहे.

काल अकरा मजले चढून अंबूबाई आल्या आणि दाराशीच खाली बसल्या. बाई झोपाळ्यावर अशीच एक गोष्ट वाचत एकट्याच हसत होत्या.

"ताई," दम खात अंबूबाईंनी विचारले, "त्या लिफ्टचं ठरलं, तवा तुमी हुतात का सभेला?"

"छे गं, सभेला कोण जातं!" बाई म्हणाल्या. "बस तू जरा. शेवटचाच परिच्छेद राहिलाय माझा."