हात वर करणारी टीम

रविवारची उपासना संपली आणि एलियाजर मास्तरांनी चर्चमागच्या मैदानाचा निकाल लावायला घेतला. मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले आणि आता कसबा बावड्याच्या त्या चर्चच्या कमिटीचे प्रमुख. मैदानात पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायची सोय करावी, असं त्यांचं म्हणणं. आडवा आला होता अनुग्रह.

अनुग्रह एका शाळेत पीटी शिकवायचा. उन्हाळ्यात तो मिरजेला पाच दिवसांच्या शिबिराला गेला आणि खेळातून प्रभूची सेवा करायची, असा निश्चय करून परतला. सोबत एक शिट्टी, बारा प्लास्टिकचे शंकू आणि एक प्रमाणपत्र होतं. असा निश्चय करायला लोकांना वर्षं लागतात. अनुग्रहला पाच दिवस पुरले, त्यातला एक प्रवासाचा. महिन्याभरात त्याने आसपासची अकरा पोरं जमवली. पोरगं कुठल्याही घरातलं चालेल, फक्त वेळेवर यायला पाहिजे, एवढीच अट. टीमचं नाव कृपा इलेव्हन.

"येत्या शनिवारी हितंच एक मॅच घ्या," मास्तर म्हणाले. "मी बघतो. पोरं कायतरी चांगलं शिकल्यात असं दिसलं तर मैदान तुमचं. न्हायतर सोमवारपासनं ब्लॉक."

अनुग्रहने त्याच संध्याकाळी बिद्रीच्या टीमला निरोप धाडला आणि पोरांना गोल करून बसवलं.

"आपला एकच नियम," तो म्हणाला. "आपली चूक आपण सांगायची. पंचाला दिसली न्हाय तरी हात वर करायचा."

"सर," सेंटर फॉरवर्ड कृष्णात म्हणाला, "आपल्याकडं पंचाला दिसली तरी न्हाय म्हणायची पद्धत हाय."

"ती मोडायलाच आलोय मी."

"आणि समोरच्यानं न्हाय सांगितली तर?" गोलकीपर झिशानने विचारलं.

"समोरच्याचं समोरचा आणि देव बघून घेतील. आणि ध्यानात ठेवा, चूक पायात न्हाय, आधी मनात होती."

हे शेवटचं वाक्य शिबिरातलं होतं. ते पोरांना सांगायची काही गरज नव्हती, पण अनुग्रहला ते फार आवडलं होतं.

शनिवारी बिद्रीकर टेम्पोतून आले. त्यांनी गोलपोस्टला नारळ फोडला, कृपा इलेव्हनने डोळे मिटून प्रार्थना केली आणि दोघांनी मिळून खोबरं खाल्लं. पंच होते दस्तगीरचाचा. बावीस वर्षांच्या पंचगिरीत त्यांचा एकही निर्णय कुणी मुकाट्याने मानलेला नव्हता. मास्तर खुर्चीत वही घेऊन बसले.

दहाव्या मिनिटाला बिद्रीच्या एका फटक्यावर झिशानने झेप टाकून बॉल बाहेर ओढला. चाचांनी खेळ चालू ठेवायची खूण केली. झिशानने हात वर केला.

"लागलं का बाळा?" चाचांनी विचारलं.

"न्हाय चाचा. बॉल टीचभर आत गेलता."

चाचांनी त्याच्याकडे बघितलं, मग बॉलकडे, मग आभाळाकडे. "नक्की?"

"व्हय की."

गोल दिला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "ए, त्याला पाणी द्या, ऊन लागलंय."

पाच मिनिटांनी बचावातल्या एकाने बॉल हाताला लागल्याचं स्वतःहून सांगितलं. पेनल्टी, दुसरा गोल. मग पोरांना चवच लागली. शर्ट ओढलेला, ढोपर मारलेलं, थ्रो-इन चोरलेला, सगळं बाहेर यायला लागलं. विंगवरचा विश्वजित तर कुणी पडलेलं नसताना हात वर करून उभा राहिला.

"तुझं काय?"

"चाचा, मी त्याला पाडणार हुतो. जमलं न्हाय, पण मनात हुतं."

"मनातल्याला फ्री किक न्हाय बाबा," चाचा हात जोडून म्हणाले. "पळ आता."

मध्यंतराला चार-शून्य झालं होतं. त्यातले तीन गोल स्वतःच्या कबुलीवर. मास्तर वहीत काहीतरी लिहीत होते आणि त्यांचा चेहरा नापास करतानाचा होता.

"अवो," अनुग्रहची बायको प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "अर्धा तास नियम बाजूला ठेवा की. देव काय शिट्टी घेऊन उभा न्हाय. मैदान गेलं तर कुठल्या रस्त्यावर शिकवणार हाईसा?"

अनुग्रह उठला. नियम आजच्यापुरता ढिला, असं सांगायचं त्याने ठरवलं. पोरांपर्यंत गेला, तोंड उघडलं. अकरा पोरं घामेजल्या तोंडांनी बघत राहिली. विश्वजितचा हात तर अजून अर्धा वरच होता.

"नियम तोच," अनुग्रह म्हणाला आणि परत येऊन बसला. प्रियदर्शनीने पाण्याची बाटली त्याच्यापासून लांब सरकवली.

सहा-शून्य झाल्यावर, अगदी शेवटच्या मिनिटाला, कॉर्नरवरून आलेल्या बॉलवर कृष्णात उडाला आणि बॉल जाळीत गेला. चाचांनी शिट्टी फुंकली. प्रेक्षक मैदानात घुसून नाचायला लागले. इतकंच काय, मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. वही खुर्चीखाली पडली होती.

अनुग्रहने कृष्णातकडे बघितलं. कृष्णात खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

बॉल डोक्याला लागलाच नव्हता. मनगटाला लागला होता, आणि अनुग्रह बसला होता तिथून ते स्वच्छ दिसलं होतं. त्याने टाळ्या वाजवणाऱ्या मास्तरांकडे एकदा बघितलं, मैदानाकडे एकदा बघितलं. मग हात वर केला. हात फार जड होता.

"चाचा, हाताला लागला."

गोल रद्द. शेवटची शिट्टी. नाचणारे नाचता नाचता घरी गेले.

मास्तर आले. "सहा खाल्ले. एक घातला, तोबी माघारी दिला. हे शिकवलंस?"

"मास्तर, शिकवलं म्हणून काय सांगू? हाफ टायमाला मीच नियम सोडाय उठलतो. सकाळी देवाकडं चांगलं मन मागा म्हणून पोरांना सांगितलं, आणि मी सोता जिंकायचंच मागितलं. सेवा सेवा करतोय, पर मलाबी अजून जमंना."

कृष्णातने नाडी सोडली आणि मुकाट्याने हात वर केला. चाचा म्हणाले, "कळलं रे, कळलं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांचाही हात, खडू धरल्यासारखा, खांद्यापर्यंत वर आला.

"ब्लॉक गुरुवारीच येऊन पडल्यात. चर्चच्या पलीकडल्या शेडमधी. कमिटीला न इचारता मीच मागवले. मॅच नुसती म्हणायला ठेवलती."

सगळ्यांच्या माना शेडकडे वळल्या.

"परत धाडतो," मास्तर म्हणाले. "ट्रकमधी भराय पोरं लागतील."

बिद्रीचा कॅप्टन उदयसिंह हे सगळं जवळून ऐकत होता. त्याने घाईघाईने आपल्या पोरांना टेम्पोकडे ढकललं. "चला मर्दानो, बसा पटापटा. हितं अजून थांबलो तर आपल्यालाबी कायतर सांगावं लागंल."

टेम्पो सुरू झाला, गेटपर्यंत गेला आणि थांबला. इंजिन बंद झालं. बराच वेळ आत वादावादी ऐकू येत होती. मग उदयसिंह एकटाच खाली उतरला आणि मान खाली घालून मैदानाकडे चालायला लागला.

दस्तगीरचाचांनी खिशात टाकलेली शिट्टी पुन्हा बाहेर काढली.