जाड काचेचा ड्रायव्हर

एका चांगल्या ड्रायव्हरला तुम्ही डोळ्यांनी अधू ठरवलंत, साहेब. यंत्राचं नाव पुढे करू नका. यंत्राने फक्त आकडा दाखवला. अक्कल गहाण ठेवलीत ती तुम्ही.

बस डेपोतली तपासणी होती. ड्रायव्हरने पट्टीवर हनुवटी टेकवली, यंत्राने डोळ्यावर फुस्सकन हवा मारली आणि वैद्यकीय साहेबांच्या भुवया कपाळावर चढल्या.

"डोळ्याच्या आतलं प्रेशर जास्त आहे. उद्यापासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"साहेब, मला चौकापलीकडच्या बसची पाटी वाचता येते."

"मी पाटी विचारली का?"

झालं! ज्याने आजवर गाडीला ओरखडा उमटू दिला नाही, तो माणूस पाइप घेऊन बस धुवायला लागला. आणि त्याची बस कुणाला दिली? त्याच्याच मेहुण्याला. त्याचा आकडा इतका झकास आला होता की साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

मेहुणा राहायलाही बहिणीकडेच. त्यामुळे जेवताना रोज तमाशा.

"दाजी, आज तुमची गाडी काय पळाली! फक्त डाव्या बाजूला जरा नीट धूत जा."

"डावी बाजू तू घासून आणतोस, गाढवा! तो रंग गेलाय, मळ नाही."

"चिडू नका, प्रेशर वाढेल."

"जेवा गुमान, नाहीतर दोघांची ताटं उचलीन," बायको म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजली आणि हसल्या. "टायर दाबून हवा बघता ना? टायरच जाड असेल तर आत बेताची हवा असूनही तो टणक लागतो. तुमचा पडदा जाड आहे. त्यामुळे आकडा फुगलाय. आतली नस ठणठणीत आहे. खुशाल चालवा बस."

"आणि टायर पातळ असला तर?" बायकोने विचारलं.

"तर उलटं. आत तट्ट भरलेला असला तरी हाताला मऊ लागतो."

ड्रायव्हर धावतच साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि जांभई दिली. "आमच्या नियमात जाडी नाही."

"पण माझ्या डोळ्यात आहे ना, साहेब!"

"मग तो तुमचा प्रश्न."

त्याच आठवड्यात मेहुण्याने भर दुपारी डेपोच्या फाटकातून बस आत वळवली ती थेट खांबावर. खांब वाकला, आणि खांबापलीकडे उभ्या असलेल्या साहेबांच्या मोटारीचं दार आत गेलं. मेहुणा खाली उतरला आणि वाकलेल्या खांबाला हात लावून बघू लागला.

"दाजी, शप्पथ सांगतो, खांब नव्हता हो तिथं!"

डेपो खो खो हसला. ड्रायव्हर हसला नाही. त्याने बायकोला फोन केला, आणि तिघं तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. मेहुण्याचा पडदा निघाला पातळ. आतलं प्रेशर भरमसाट. काचबिंदू. कडेची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. औषध टाकून उरलेली तेवढी वाचवायची.

"ताई, मी नाही चालवणार," तो एवढंच म्हणाला. त्या रात्री जेवताना कुणी कुणाला टोमणा मारला नाही.

साहेबांनी मात्र चौकशी केली. पुन्हा तेच यंत्र, पुन्हा तीच फुंकर, पुन्हा तोच झकास आकडा. निकाल असा लागला: मेहुण्याची नजर उत्तम, खांब चुकीच्या जागी. खांब आत सरकवावा. मेहुण्याने सोमवारी कामावर यावं, नाहीतर धडधाकट असून काम टाळल्याबद्दल कारवाई.

सोमवारी तो आला नाही. त्याची बहीण आली. साहेब दुरुस्त केलेल्या मोटारीतून उतरत होते, तिने दारच धरलं.

"खांब हलवलात, साहेब. आता रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं कुठं हलवणार, ते सांगा. सांगा ना! मी काही जात नाही इथून."