नारंगी कोटाचा ढोलवाला

गेल्या रविवारी सकाळी, सक्करदऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, तळमजल्यावरच्या दिगंबर काकाजींवर उघड अन्याय झाला. सेक्रेटरींच्या नातवाचा वाढदिवस होता. केकसाठी टेबल हवं होतं. म्हणून सेक्रेटरींनी त्यावर अर्ध्या लढाईत उभी असलेली काकाजींची नेपोलियनची अख्खी फौज उचलली आणि आलेल्या पोरांना रिटर्न गिफ्ट म्हणून वाटून टाकली. सेक्रेटरी म्हणतात, "खेळणीच होती!"

खेळणी? बोटाच्या पेराएवढा एकेक सैनिक काकाजी कपाळाला भिंग बांधून रंगवतात. गांधीबागेत जन्मभर कापड विकलेला माणूस. फ्रेंच निळा जरा गडद झाला की सैनिक धुऊन पुन्हा पहिल्यापासून. टेकड्या संत्र्याच्या पेट्यांच्या, गवत म्हणजे हिरवा रंगवलेला भुसा. फासे टाकायचे, पट्टीने मोजून पलटण सरकवायची, तोफ लागली की सैनिक आडवा. समोर कोणीतरी लागतं, म्हणून पत्रकं वाटत फिरणाऱ्या मला त्यांनी इंग्रज केलं.

"काहून वं, मोर्चे काढते नं तू? मंग घोडदळ चिखलातून काहून नेऊन राहिली?"

"इथे कुठे चिखल आहे, काकाजी?"

"चहा सांडला नं मी मघाशी. झाला चिखल. अर्धीच चाल."

मी एकदा मोठ्या हौसेने एक घोडेस्वार रंगवून नेला. भिंगाखाली धरून म्हणाले, "कोटाले एक बटन कमी आहे. रशियात गारठून जाईन बिचारा." आणि परत माझ्या हातात!

तर फौज वाटली गेल्याचं कळताच मी पत्रक लिहायला बसले. काकाजींनी पेन काढून घेतला. "राहू दे वं. खेळू दे पोराईले."

मला त्यांचाच राग आला. अन्याय गिळणारी माणसं मला सहन होत नाहीत.

संध्याकाळी हॉलचं दार उघडं दिसलं. आत काकाजी गुडघ्यांवर बसून, कपाळाला भिंग, फुटक्या फुग्यांच्या नि केकच्या डब्यांच्या कचऱ्यात हात घालून काहीतरी शोधत होते.

"काय हरवलं?"

"ढोलवाला. नारंगी कोटाचा."

नेपोलियनच्या फौजेत नारंगी कोट? आणि तोही एका बटनासाठी माझा घोडेस्वार नाकारणाऱ्या माणसाकडे? मी हसले. ते हसले नाहीत.

"सुमननं रंगवला होता." सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको, मी त्यांना फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलंय. "म्हणे, एवढ्या निळ्यात एक तरी आपल्या नागपूरचा पाहिजे. लई भांडलो मी तिच्याशी." त्यांनी एक डबा उलटा करून झटकला. "मंग हरेक लढाईत त्याले सगळ्यात मागं उभा केला. तोफ पोचत नाही तिथं."

काकाजी कोणाच्या दारात मागायला जाणार नाहीत. म्हणून मी मागते. तुमचं मूल त्या वाढदिवसाला आलं होतं ना? मग आत्ता उठा. दप्तर झटका, पलंगाखाली वाका, गाडीच्या सीटखाली हात घाला. बोटाच्या पेराएवढा आहे, कोट नारंगी, गळ्यात ढोल. सगळी फौज परत करा. पण आधी तो, आणि काकाजींच्या हातात.