गप्प बसेल त्याला आधी

तातडीच्या विभागातल्या मोठ्या सिस्टरांनी काढलेला नियम तसा शहाणपणाचा होता. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, तेव्हा जो गप्प पडलाय त्याला आधी बघायचं. डॉक्टर, नोंदणीवाल्या ताई, दारावरचे मामा, सगळ्यांनी मिळून तो पाळायचं ठरलं. सुरुवातीला छान चाललं. पण मामांच्या पोटात गोष्ट राहते थोडीच? त्यांनी येईल त्याला दारातच कानमंत्र द्यायला सुरुवात केली.

एका सकाळी सिस्टर येऊन बघतात तर हॉलमध्ये चिडीचूप. बोट मुरगळलेला गृहस्थ ओंडक्यासारखा पडलेला. एरवी आभाळ डोक्यावर घेणारी माणसं तोंडाला कुलूप लावून बसली होती. "कुणाला जास्त त्रास होतोय?" असं विचारल्यावर तर सगळ्यांनी मिळून डोळेच मिटले. सिस्टरांना वाटलं, यात एखादं खरंच गंभीर असलं तर?

"मामा, हा घोळ तुमचा," त्या दारापाशी जाऊन हळूच म्हणाल्या. "आता निस्तरा. बाहेर गाड्या उचलून नेतायत म्हणून ओरडा. अंगात बळ असेल तो उठेल. उरेल तो आपला."

मामांनी बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. अख्खा हॉल उठला, मुरगळलेलं बोट सगळ्यांच्या पुढे. तपासणीच्या खोलीतून डॉक्टरही किल्ल्या घेऊन पळाले. मागे उरले एक आजोबा.

सिस्टर धावल्या. "आजोबा, काय होतंय?"

"मला काही नाही. छातीत हिच्या दुखतंय."

"कुणाच्या?"

"बायकोच्या. गेली ना गाडी बघायला. आमच्याकडे तीच चालवते."

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"तुमच्या मामांनीच सांगितलं, गप्प बसा."

सिस्टर धावतच बाहेर आल्या. पायरीवर आजी घामाघूम होऊन बसल्या होत्या, आणि स्वतःची गाडी जागेवर बघून परत फिरलेले डॉक्टर त्यांची नाडी धरून होते. मामांनी चाकाची खुर्ची आणली, ताईंनी आत खाट मोकळी केली. औषध पोटात गेलं, यंत्रं लागली आणि हळूहळू आजींच्या चेहऱ्यावर रंग आला. सिस्टरांना रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून सगळं बघणारे मोठे साहेब खाली उतरले. "वा सिस्टर! पेशंट अजून पायरीवर आणि डॉक्टर आधीच हजर. याला म्हणतात एकजूट. रोज असंच झालं पाहिजे."

साहेबांची पाठ वळल्यावर मामा जवळ सरकले. "सिस्टर, गाडीचं उद्या कुणी खरं मानायचं नाही."

"नकोच मानू दे. उद्यापासून दारातच एकेकाची नाडी बघायची. मी बघेन, ताई लिहितील."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही गप्प बसायचं." मामांनी मुकाट्याने खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.