डबल बेलशिवाय

"गाडी घाटात चढवल्याबिगर तिची ताकद समजत नसते," असं म्हणत देवमनराव बायको-मुलाला घेऊन वाशिमच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात चपला बाहेर काढून शिरले.

मेडशीच्या देवमनरावांची हयात एसटीच्या ड्रायव्हरकीत गेली होती. मुलगा संघदीप लग्नांचे व्हिडिओ करायचा. रिठदच्या योगिनीच्या लग्नाचा व्हिडिओ त्याच्या जुन्या लॅपटॉपवर अडकून पडला होता. नवरदेव हार उचलायचा आणि तिथेच थिजायचा. "दादा, माह्या सासूले वाटते का लगनच अर्धं रायलं," योगिनी फोनवर म्हणायची. अजून उशीर झाला तर हातचं काम जाणार होतं. तेव्हा दमदार कॉम्प्युटर घ्यायचं घरात ठरलं. त्यावर गेमही झकास चालतात, एवढीच गोष्ट संघदीपने घरी सांगितली नव्हती.

दुकानदार किसनसिंगने कॉम्प्युटरचा पहिला डबा पडद्याला जोडला. "व्हिडिओसाठी मस्त हाय, काका."

"तू म्हनशीलच. याच्यावर सर्वात जास्त लोड कायचा पडते?"

"गेमचा," किसनसिंग बोलून गेला.

"मंग लाव गेम. पाहू तर दे."

टेबलावर गेमवाल्या पोरांसाठी स्टिअरिंग होतं, खाली पेडल होते. किसनसिंगने बस चालवायचा गेम लावला. पडद्यावर घाटाचा रस्ता आला, इंजिन घरघरू लागलं. देवमनरावांनी चष्मा पुसला, पडद्यातले दोन्हीकडचे आरसे न्याहाळले, पाठ ताठ केली.

बस हलेना.

"चालू द्या, काका."

देवमनरावांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. इंजिन सुरू असताना ड्रायव्हरशी बोलू नये, ही पाटी त्यांनी आयुष्यभर डोक्यावर वागवली होती.

"ताकद कमी पडून राह्यली वाटते," असं म्हणून किसनसिंगने दुसरा, मोठा डबा जोडला. चित्र आणखी सुंदर झालं, रस्त्याकडेचं गवतसुद्धा हलू लागलं. बस मात्र हलेना. खाली वाकून पाहिलं असतं तर देवमनरावांचा पाय ब्रेकवर दिसला असता. संघदीपला शंका आली होती, पण आपोआप मोठमोठे डबे पुढे येत असताना तोंड उघडायला तो वेडा नव्हता.

मग आला काचेचा डबा, आत लाल-निळे पंखे. "याच्यावर नाई चालली त दुकान बंद करतो," किसनसिंग म्हणाला.

बस जागच्या जागी उभी. देवमनराव खुर्चीवरून उठले.

"चाला घरी. एकबी कामाची नाई."

संघदीपचा चेहरा उतरला. आता मोठा सोडा, छोटाही जात होता. "बाबा, काहून पन?"

"काहून म्हंजे? तीन गाड्यांत बसलो, एकातबी कंडक्टर नाई. डबल बेल कोन मारंन?"

दुकानात सगळे एकमेकांकडे पाहून हसू लागले. हसल्या नाहीत त्या फक्त भागिरथाबाई, देवमनरावांच्या पत्नी. नवऱ्याच्या खोडी त्यांना पाठ होत्या. त्यांनी पाण्याचा स्टीलचा गिलास उचलला आणि त्यावर बांगडी आपटली. टिंग, टिंग.

"चाला."

देवमनराव बसले आणि बस सुटली! प्रत्येक वळणावर हॉर्न, प्रत्येक थांब्यावर गाडी उभी. तिसऱ्या थांब्यापासून दुकानातली गिऱ्हाइकं खुर्च्या ओढून मागे येऊन बसली. कुणीतरी खिडकीची जागाही धरली.

"दम हाय गाडीत," घाट उतरल्यावर देवमनराव समाधानाने म्हणाले. "हेच बांधून दे."

संघदीपला आनंद मावेना. तो आनंद मेडशीपर्यंत टिकला.

घरी डबा मांडला आणि देवमनरावांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळची गेली की दुपारची लागे. भागिरथाबाई मागे खाटेवर तूर निवडत बसायच्या, गिलास शेजारी. संघदीप म्हणायचा, "बाबा, योगिनीचा व्हिडिओ..." देवमनराव हॉर्न वाजवायचे. इंजिन सुरू असायचं. तिकडे नवरदेव अजून हार उचलूनच उभा होता. शेवटी योगिनीच्या सासूचाच फोन आला, "झेपत नसंल त सांग, दुसऱ्याले देतो."

संघदीपची नजर गिलासावर गेली. आईच्या शेजारून त्याने तो हळूच उचलला आणि चमच्याने एकदाच वाजवला.

टिंग.

एक बेल म्हणजे थांबा. हे ड्रायव्हरच्या पायालाच कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही. बस रस्त्याच्या कडेला अलगद उभी राहिली. देवमनरावांनी आरशात पाहिलं.

"कोन उतरते?"

"तुमी, बाबा."