मिरजेचे चारशे दादा

मिरजेच्या विद्याधर खटावकरांना १९९९च्या दिवाळीनंतर एका ई-मेलमुळे चारशे थोरले भाऊ झाले, आणि त्यांतला एक मी आहे.

ही बातमी मी तेव्हाच दिली होती. संपादकांनी ती 'गंमतजंमत' सदरात, दोन डोक्यांच्या वासराशेजारी छापली. वासराला कोणी बघितलंही नव्हतं. माझ्या बातमीला शिधावाटप कार्यालयाचा शिक्का होता. ते संपादक पुढे मोठे झाले, त्यांना सन्मानचिन्हं मिळाली. मिळोत. मी बातमी पुन्हा देतो.

त्या काळी 'जुनी नभोवाणी' नावाचा आमचा एक ई-मेल गट होता. लघुलहरींवर दूरदूरची केंद्रं पकडणारी, व्हॉल्व्हचे रेडिओ जिवापाड जपणारी माणसं त्यात होती. कोणी नाशिकचा, कोणी मस्कतचा, कोणी थेट न्यू जर्सीचा. सायबर कॅफेत रांग लावायची, मोडेमची किरकिर ऐकायची आणि मग वाचायचं की काल पहाटे कोणाला कोलंबो स्वच्छ लागलं. आज हातातल्या फोनवर जग दिसतं, पण कोलंबो लागल्याचा आनंद कोणाच्या तोंडावर दिसत नाही. पाठवलेलं पुसूनही टाकता येतं म्हणे. तेव्हा पाठवलेलं पाठवलेलं असायचं, आणि माणसं ते निस्तरायची.

गटाची एक रीत होती. कोणाच्याही पत्राला 'रिप्लाय' केलं की उत्तर त्या माणसाला न जाता सगळ्या गटाला जायचं. गटाचे व्यवस्थापक, डोंबिवलीचे टिपणीस, दर महिन्याला तशी ताकीद द्यायचे. ती कोणी वाचायचं नाही.

विद्याधरचे सख्खे मोठे भाऊ गदाधर जबलपूरला अभियंता. तेही गटात होते. दोघं आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकमेकांची पत्रं गटावर वाचत होते. भांडण वडिलांच्या रेडिओवरून झालं. वडील गेल्यावर गदाधर सुट्टीला आले, आणि एका दुपारी त्यांनी त्या रेडिओतले व्हॉल्व्ह काढून आत ट्रान्झिस्टर बसवले. रेडिओ बटण दाबताच बोलू लागला. पूर्वी तो तापायला वेळ घ्यायचा, आणि तेवढ्या वेळात बाबा चष्मा पुसायचे. विद्याधर म्हणाला, "दादा, तू बाबांना दुसऱ्यांदा पोचवलंस." गदाधर त्याच संध्याकाळच्या गाडीने गेले.

त्या नोव्हेंबरात गदाधरनी गटावर एरिअलच्या तारेबद्दल चार ओळी लिहिल्या. विद्याधरने त्यांना रिप्लाय केलं:

"दादा, आईचं जेवण फार कमी झालंय. तुझं नाव काढत नाही, पण दाराशी रिक्षा थांबली की उठून बसते. रेडिओचं सोड. ये. विदू."

पत्र चारशे जणांना पोचलं. ज्याला पोचलं त्याला 'दादा' म्हटलं होतं, म्हणून तो दादा झाला. यात दुमत नव्हतं. शिधावाटप कार्यालयातल्या कारकुनाने एवढंच विचारलं, "सगळे एकत्रच जेवणार का वेगवेगळे?" आणि खटावकरांच्या शिधापत्रिकेला पुरवणी पानं जोडून दिली.

विद्याधरने लगेच गटाला लिहिलं, "क्षमा असावी, चुकून गेलं." मस्कतहून उत्तर आलं, "वेड्या, दादाची माफी मागतात का? आईला डॉक्टरकडे नेलंस?"

फोन सुरू झाले. रविवारी सकाळी वत्सलाबाई खटावकरांना रिसीव्हर खाली ठेवायला सवड नसायची. "आई, जेवलीस का?" "जेवते रे. तू कुठला?" "नाशिकचा." "थंडी आहे का तिकडे? कानाला बांध." त्या प्रत्येकाशी बोलायच्या, कोणालाही परका म्हणायच्या नाहीत. पण जेवण वाढलं नाही. फोन ठेवला की विचारायच्या, "विदू, यात जबलपूरचा होता का रे?"

नव्हता. गदाधरनी गटावर एकच पत्र टाकलं: "मला कोणी बोलावलेलं नाही. गटाला बोलावलं आहे. चारशेंतला एक म्हणून मी येणार नाही."

विद्याधरला त्यांना वेगळं पत्र लिहायचं होतं. टिपणीसांनी ते अडवलं. चौघांना दादा म्हटलेलं असो वा चारशेंना, एकाला बाजूला घेऊन बोलणं हा दुजाभाव, आणि घरात दुजाभाव शिरला की घर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्याशी फोनवर कडाडून भांडलो. ते म्हणाले, "तुम्ही बातमीदार म्हणून भांडताय की भाऊ म्हणून?" मी रिसीव्हर ठेवून दिला.

डिसेंबरात डॉक्टरांनी विद्याधरला बाहेर बोलावून सांगितलं, ज्यांना यायचं असेल त्यांना बोलवा.

ज्यांना जमलं ते आम्ही वीसेकजण मिरजेला पोचलो. अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. वाईचे आबाजी लेले काठी टेकत आले. वय एक्याऐंशी, म्हणजे आईंपेक्षा सात वर्षांनी मोठे. त्यांनी वाकून आईंना नमस्कार केला. आईंनी आशीर्वाद दिला आणि म्हणाल्या, "वाळलास रे."

मग आबाजींनी सगळ्यांना अंगणात बसवलं. "आपल्यात वयाने मोठा कोण?"

"तुम्हीच," टिपणीस म्हणाले.

"मग खरा दादा मी. तुम्ही सगळे माझ्या धाकट्यात जमा. जबलपूरवालाही. बरोबर?"

टिपणीसांनी विचार केला आणि मान डोलावली. आजवर हे कोणाच्या लक्षात कसं आलं नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये आबाजी आणि मी गेलो. विद्याधर दाराला टेकून बाहेर उभा राहिला. बूथ एवढंसं होतं, त्यामुळे पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"गदाधर का? मी आबा. तुझा दादा."

"हे बघा, तुमचा काहीतरी—"

"अरे-तुरे कर. थोरला असलो तरी भाऊ आहे."

"मला कोणी दादा नाही. मीच दादा आहे."

"होतास. फार दिवस होतास, त्याचाच त्रास झाला तुला. चूक केलीस तर तुला रागावायला वर कोणी नाही, परत ये म्हणायला कोणी नाही. आता मी आहे. गदा, तू त्या रेडिओची वाट लावलीस."

"चालत नव्हता तो. बाबा जाण्याआधी दोन महिने बंद होता. बाबांनी मला एकट्यालाच कळवलं होतं, विदूला माहीत नाही. तो लागला असता तर आईला बरं वाटलं असतं, म्हणून मी…"

आबाजींनी दाराकडे पाहिलं. विद्याधर चपलेने जमीन उकरत होता.

"ते त्याला इथे येऊन सांग. आई वाट बघतेय. उद्याची गाडी धर. मी सांगतोय."

जन्मभर ज्याला सगळ्यांनी विचारलं, सांगितलं मात्र कोणीच नाही, असा माणूस पलीकडे होता. अगदी बारीक आवाज आला, "बरं."

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराशी रिक्षा थांबली. आई उठून बसल्या. आम्ही कोणी अंघोळीच्या रांगेत, कोणी पोहे निवडत, कोणी अंगणात कोवळ्या उन्हात बसलेलो. विद्याधर धावत दाराशी गेला. पिकलेल्या केसांचा एक उंच माणूस, हातात बॅग, फाटकाबाहेरच थबकला होता.

"दादा," विद्याधर म्हणाला.

"ओ," आम्ही सगळे म्हणालो. न्हाणीघरातूनसुद्धा एक ओ आली.

सगळ्यांचं झाल्यावर फाटकाबाहेरून गदाधर म्हणाला, "ओ."

आतून आईंचा आवाज आला, "आले का सगळे? पानं घ्या रे. मलाही वाढा."