पंगत उठू न देणारे पुकळे सर

कॉम्प्युटरवर संशोधन करणारा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं जाड भिंगाचा, तोंडातल्या तोंडात इंग्रजी पुटपुटणारा इसम आला असणार. आला ना? त्याला परत पाठवा. आमचे पुकळे सर आटपाडीकडचे. पँट-शर्ट सोडला तर सगळी चाल मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाची.

प्रोग्राम तपासायची त्यांची रीत वेगळीच. प्रिंटरमधून निघालेला सलग कागद ते कॉलेजच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरायचे, चपला काढायचे आणि कमरेत वाकून ओळीओळीनं पुढं सरकायचे. पंगतीत वाढपी सरकतो तसं. चूक सापडली की ओरडायचे, "ह्येच्या ताटात मीठच न्हाई की गड्या!"

मी त्यांची नक्कल करायचो. एकदा नेमके मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "मान आजून जरा खाली घाल. चूक वरनं दिसत न्हाई."

सांगलीच्या त्या कॉलेजात आम्ही चौघं कॉम्प्युटरला हातानं लिहिलेलं मराठी वाचायला शिकवत होतो. सर, वाईच्या देशपांडे मॅडम, कुपवाडचा संजय आणि पलूसचा मी. काम संपलं. आम्हा तिघांना पुण्यात नोकऱ्या लागल्या. सर तिथंच राहणार होते. घर असं त्यांना नव्हतंच, कॉम्प्युटरच्या खोलीला लागून एक खोली होती, तिथं राहायचे.

जायच्या दिवशी त्यांनी जेवायला घातलं. बाजरीची भाकरी, हुलग्याच्या शेंगोळ्या, दही. बसायला जुने प्रोग्रामचे कागद. इतक्या दिवसांच्या आमच्या चुका बुडाखाली घेऊन आम्ही बसलो. सर म्हणाले, "आज कुनी हात लावायचा न्हाई. मी वाढनार. आनी पंगत एकदम बसती, एकदम उठती. शेवटचं ताट व्हईस्तोवर पयल्यानं हलायचं न्हाई."

दुपारच्या गाडीची तिकिटं मॅडमच्या पर्समध्ये होती. त्या भरभर जेवल्या.

"मॅडम, एक शेंगोळी."

"पुरे सर, खरंच."

"आवं, येवढीशी तर हाय." वाढली. मग संजयला. त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर बोटांच्या फटीतनं दही सोडलं.

असं बराच वेळ चाललं. शेवटी तिन्ही ताटं मोकळी झाली. मॅडमनी घड्याळ बघितलं. "उठूया?"

"उठा की," सर म्हणाले. "सगळ्यांचं झालं आसंल तर."

भरलेली पळी हातात तशीच. या ताटाकडं बघायचे, त्या ताटाकडं बघायचे.

माझं पोट गळ्यापर्यंत आलेलं. तरी मी म्हटलं, "सर, भाकरी हाय का अजून?"

"हाय! हाय की!" म्हणत सर पळाले. अक्षरशः पळाले.

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर वाळूनच गेला असता. संजयनं कोपर मारलं. मी सावकाश चावत बसलो. भाकरी संपली, मी दुसरी मागितली. तेव्हा सर पहिल्यांदा माझ्यासमोर खाली बसले.

"पाऊस सरला की मेंढरं घिऊन आमचा तळ हलायचा," ते म्हणाले. "त्या दिशी आई लय सावकाश वाढायची."

मग कुणीच घाई केली नाही. मॅडमनीही नाही.

सर सोडायला आले. स्टँडवर पोचलो तर गाडी गेलेली. मग मात्र मॅडमच्या तोंडाचा पट्टा सुटला. "माणूस आहेस की पोतं? संध्याकाळपर्यंत बसा आता इथं!" संजय म्हणाला, "ह्याला टपावर बांधून न्यायचा." मी खाली मान घालून उभा. वाटलं, सर तरी सांभाळून घेतील.

पण सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडले, आख्ख्या स्टँडनं वळून बघितलं. "काय हावरट हायस रं! लाज न्हाई वाटत? दोघांची गाडी चुकवलीस की! आनी आता हितं उन्हात काय तोंड बघत बसनार व्हय एकमेकांची?" तोवर त्यांनी मॅडमची बॅग खांद्यावर टाकलीसुद्धा होती. "चला माघारी. चा टाकतो. आनी तू, नालायका, पुढं हो!"